वाफाळ्यांची टाकी

आमच्या सासऱ्यांना अख्खी गल्ली वाफाळे म्हणते. हे आमचं आडनाव नाही, पण नव्या पोस्टमनला ते कोण सांगणार? तो दारात उभा राहून "वाफाळे इथेच ना?" असं विचारायचा आणि बाबा खुशाल "मीच तो" म्हणून सही ठोकायचे. त्यांचं उभं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात बॉयलरपाशी गेलं. तिथल्या घरघराटावर आवाज चढवायची सवय जडली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमच्या घरात "मीठ दे गं" असं म्हटलेलं कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ऐकू जातं. चहा कोमट असला तर कप हातात घेऊन माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांची इस्टेट बुडवली.

तर हा माणूस रोज पहाटे तळघरात जाऊन शेकडो पाहुण्यांच्या नळाला गरम पाणी सोडायचा, आणि इकडे त्यांची स्वतःची बायको, म्हणजे आमच्या सासूबाई, पातेलंभर पाणी गॅसवर तापवून चिमट्यानं धरून न्हाणीघरात न्यायच्या. स्वयंपाकघर घराच्या एका टोकाला, न्हाणीघर दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये लांबलचक उघडी गॅलरी. गीझर लावावा म्हटलं, तर आमच्या इमारतीच्या वायरी इतक्या म्हाताऱ्या आहेत की मी इस्त्री लावली की शेजारचा दिवा मिणमिणतो. गीझर लावला असता तर अख्खी इमारत अंधारात बसून आम्हाला शिव्या घालत बसली असती.

निवृत्तीच्या दिवशी हॉटेलवाल्यांनी विचारलं, काय देऊ? लोक अशा वेळी घड्याळ मागतात, शाल मागतात. आमच्या बाबांनी तळघरातला एक जुना छोटा पंप मागितला. त्याला लाल फीत बांधून घरी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "आता बघ. तुझ्यासाठी नळाला गरम पाणी आणतो. उन्हावर."

आई म्हणाल्या, "आधी तो खाली ठेवा, टेबलावर तेल सांडतंय."

पंप कित्येक महिने पलंगाखाली पडून होता. मग या हिवाळ्यात एक दिवस आईंचा गॅलरीत पाय घसरला आणि पातेल्यातलं उकळतं पाणी त्यांच्या पावलावर सांडलं. मी घरात होते. शिलाईच्या मशीनवरून उठून धावले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मलाच सांगत होत्या, "काही नाही गं, थोडंच सांडलं." पावलाची सालटी निघाली होती आणि म्हणे थोडंच! मी इतकी चिडले की रडायलाच लागले. "उद्यापासून पाणी मी नेणार," असं बजावलं. पण या बाई माझ्या आधी उठतात. किती लवकर उठलं तरी आपलं पातेलं गॅसवर चढलेलंच.

मग माझी नणंद आली. ताई स्वभावानं वाईट नाही, पण हुकूम सोडल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही. तिच्या नव्या घरात नळ उघडला की चोवीस तास गरम पाणी. तिनं आईचं बँडेज बघितलं आणि निकाल दिला. "थंडी संपेपर्यंत आई माझ्याकडे राहील. आणि खरं सांगू, मग परत तरी कशाला यायचं? इथं आहे काय?"

बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "इथं मी आहे!"

"तुम्ही आहात, पाणी कुठे आहे?" ताईनं विचारलं. बाबांनी वाकून पलंगाखालचा पंप बाहेर ओढला. शेवटी ठरलं ते असं. ताई महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येईल. तोवर सकाळी आंघोळीच्या वेळेला नळाला गरम पाणी आलं तर आई इथेच राहतील. नाही आलं, तर बॅग गाडीत. आईंना कुणी विचारलं नाही. बाबा मात्र त्या दिवशी जेवताना मीठ मागायलासुद्धा ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गच्चीवर कारखाना सुरू झाला. भंगारवाल्याकडून तांब्याच्या नळ्या आणल्या. माझ्या नवऱ्यानं चष्म्याच्या दुकानातून रजा काढली आणि वडिलांच्या शिव्या खात नळ्या पत्र्यावर डाग देऊन जोडल्या. पत्र्याला काळा रंग दिला, त्याची एक लाकडी पेटी केली आणि वरून जुन्या खिडकीची मोठी काच बसवली. या सगळ्या अवजाराला आमच्या घरात नुसतं 'काच' म्हणतात. कठड्याची सावली पडू नये म्हणून काच चांगल्या उंच लोखंडी पायांवर तिरकी उभी केली. पाणी साठवायची टाकी खाली गच्चीच्या फरशीवर ठेवली, तिच्या शेजारी लाडका पंप. पंपानं खालच्या टाकीतलं पाणी वर काचेत ढकलायचं, ते तापून परत टाकीत यायचं, आणि टाकीतून खाली आमच्या न्हाणीघरात.

"हॉटेलात असंच असतं," बाबांनी सांगितलं. "टाकी तळघरात, पंप शेजारी. पंपाशिवाय पाणी जागचं हलत नाही."

पहिल्याच संध्याकाळी मी न्हाणीघरातला नळ उघडला आणि किंचाळले. इतकं कढत पाणी! बाबांनी गच्चीवरून विचारलं, "भाजलं का?" मी म्हटलं, "हो!" तर हा माणूस आनंदानं टाळ्या वाजवतोय. सून भाजली याचा एवढा आनंद मी कुठल्याच सासऱ्याला झालेला पाहिला नाही. त्यांनी सूर्य मावळताना ऐटीत पंप बंद केला आणि जिना उतरताना शीळ घातली.

सकाळी आईंनी नळ उघडला. पाणी गार. नुसतं गार नाही, दात वाजतील असं.

"टाकीला पांघरूण हवं," बाबा म्हणाले. टाकीवर एक रजई आली. पुन्हा संध्याकाळी कढत, सकाळी गार. दुसरी रजई आली. मी शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळे घरात चिंध्यांना तोटा नाही. पोतंभर चिंध्या टाकीभोवती कोंबल्या. मग नवऱ्याचं जुनं जाकीट, मग बाबांचा बॉयलरवरचा जाडजूड कोट. टाकी बाळंतिणीसारखी गुंडाळून बसली आणि तरीही सकाळी पाणी गारच. बाबांनी काचेचा कोन बदलला, नळ्यांचे सांधे तपासले, तासन्‌तास टाकीला कान लावून बसले. आई रोज सकाळी नळ उघडायच्या, पाण्याखाली बोट धरायच्या, नळ बंद करायच्या आणि पातेलं घ्यायला वळायच्या. त्या एकदा तरी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं असं बाबा मला म्हणाले.

मग बाबांच्या डोक्यात आलं की पाणी कुणीतरी चोरतंय.

आणि चोर कोण? तर आमच्या वरच्या मजल्यावरचा पहिलवान. बिचारा गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पहाटे वजनं उचलतो, म्हणून संशय. बाबांनी टाकीच्या कॉकला कुलूप घातलं आणि पहिलवान जिन्यात भेटला तेव्हा डोळे बारीक करून म्हणाले, "काय, आज अंग फार लाल दिसतंय? गरम गरम आंघोळ झाली वाटतं?"

पहिलवानाला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तो रडवेला झाला. एवढा दांडगा गडी, पण मन लोण्याचं. "काका, मी जन्मात गरम पाण्याला शिवलो नाही हो! सगळ्या गल्लीला माहीत आहे!" हे खरंच होतं. थंड पाण्याचे फायदे तो दिसेल त्याला ऐकवतो. मी तर त्याला बघून रस्ता बदलते. मी बाबांना म्हटलं, "शोभतं का तुम्हाला हे? आधी त्याची माफी मागा." बाबा म्हणाले, "चोर सापडला की मागतो."

आता मधल्या मधे माझं काय चाललं होतं ते सांगते. गणवेशाचं कापड कापायच्या आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि मग आया माझ्या नावानं खडे फोडतात. थंडीत कापड वाळता वाळत नाही. दोरीवर जागा नाही. काच दिवसभर बाबांची, तिच्यावर माझी सावली पडली तरी खेकसायचे. म्हणून मी काय केलं, रोज सूर्य मावळला की ओलं कापड खुशाल काचेवर पसरायला लागले. आणि काय सांगू, सकाळी कापड खडखडीत वाळलेलं! शेजारच्या दोरीवरचे कपडे दवानं ओलेचिंब आणि माझं कापड पापडासारखं. मी तर खूश. म्हटलं, बाबांच्या यंत्राचा कुणाला नाही तरी मला उपयोग झाला. मैत्रिणींना सांगत सुटले, उन्हावर पाणी तापो न तापो, कापड झकास वाळतं.

शेवटचा शनिवार उजाडला. आईंची बॅग आदल्या दिवशीच भरून झाली होती. न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला त्यांचा हिरव्या काठाचा टॉवेल असायचा, तोही बॅगेत गेला होता. मी पाहिलं, बाबा त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभे होते. मला बघून म्हणाले, "खिळा जरा सैल झालाय." कुठला सैल! मी तडक गच्चीवर कापड काढायला निघून गेले.

सूर्य अजून वर आला नव्हता. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. मी काचेवरून कापड ओढलं आणि हात गरम करायला म्हणून दोन्ही तळवे काचेवर टेकवले. बरं वाटलं. कोमटशी ऊब होती. मी तशीच उभी राहिले, आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. अगं बाई! ऊन अजून आलेलंच नाही. मग काचेला ऊब कुठून?

"बाबा!" मी अशी ओरडले की त्या दिवशी बाबांनाही मी मागे टाकलं. ते धापा टाकत वर आले. मागून नवराही ब्रश तोंडात धरून आला. मी बाबांचा हात धरून काचेवर ठेवला. ज्या माणसानं आयुष्यभर नळीवर तळवा ठेवून वाफ ओळखली, त्याला जास्त काही सांगावं लागलं नाही. त्यांनी एक हात काचेवर ठेवला, दुसरा टाकीतून वर जाणाऱ्या नळीवर. मग मटकन कठड्यावर बसले.

"गरम पाणी वर चढतं," ते हळू आवाजात म्हणाले. हळू! "मी टाकी खाली ठेवली, काच वर ठेवली. संध्याकाळी पंप बंद केला की टाकीतलं गरम पाणी आपलं आपण वर काचेत चढतं, थंडीत गार होतं आणि खाली उतरतं. रात्रभर त्याच्या फेऱ्या चालू."

"म्हणजे दिवसा सूर्य आपलं पाणी तापवतो आणि रात्री आपण आभाळ तापवतो?" नवऱ्यानं ब्रश काढून विचारलं.

"आभाळ नाही," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "हिचे गणवेश!"

मला हसावं की रडावं कळेना. गल्लीभर ज्या चोराचा शोध चालला होता, त्याचा माल रोज माझ्या कपाटात घडी होऊन जात होता.

"हॉटेलात असं का नाही झालं?" मी विचारलं.

"तिथं पंप कधी बंदच व्हायचा नाही. पाण्याला मी सतत ढकलत राहिलो. सोडून दिलं तर ते कुठे जातं, हे बघायची वेळच आली नाही." मग ते उठले. "टाकी काचेच्या वर गेली पाहिजे. मग गरम पाणी वर टाकीतच बसून राहील. दिवसासुद्धा आपलं आपण चढेल." पंपाकडे बघून म्हणाले, "पंपाची गरज नाही."

हे म्हणताना त्यांना काय वाटलं असेल ते मला दिसत होतं. पंपावर ती लाल फीत अजून होती.

टाकी उचलायची कुणी? माझ्या नवऱ्याला चष्म्याची डबी उचलताना उसण भरते. बाबा जिना उतरून पहिलवानाच्या दारात गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला सगळं ऐकू आलं, कारण आवाज परत जागेवर आला होता. "चुकलो रे बाबा! चोर आमच्या घरातच होता! आता टाकी उचलायला ये!" अशी माफी मी कधी ऐकली नव्हती, पण पहिलवान तेवढ्यावर विरघळला. नुसता आला नाही, तर वजनं ठेवायची आपली उंच लोखंडी मांडणीच घेऊन आला. "ही माझा भार सोसते, तुमची टाकी काय चीज आहे!"

मग जी काही धमाल उडाली! नवऱ्यानं करवतीनं काचेचे लांब पाय कापून आखूड केले. कठड्याची सावली थोडा वेळ पडेल तर पडू दे, असं बाबा स्वतः म्हणाले. पहिलवानानं रिकामी टाकी कवेत घेऊन मांडणीवर चढवली. नळ्या पुन्हा जोडल्या, पाणी भरलं, रजया, चिंध्या, जाकीट, कोट सगळं पुन्हा गुंडाळलं. पंप काढून बाजूला ठेवला. ऊन चांगलं तापलं, काच तापली, आणि वरची नळी गारच.

"हललं नाही," नवरा म्हणाला. बाबांनी त्याला गप्प केलं आणि नळीवरून हळूहळू तळवा फिरवत गेले. एका जागी नळी जराशी कमरेत वाकून परत खाली येत होती. "इथं हवा अडकलीय. तिला वर जायला वाट नाही." त्यांनी सांधा किंचित ढिला केला. फुस्स झालं, पाण्याची चिळकांडी थेट माझ्या नवऱ्याच्या चष्म्यावर उडाली. नळी खालून वर अशी सरळ चढती बांधून घेतली. मग आम्ही चौघं त्या नळीकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं बाबांनी माझा हात धरून नळीवर ठेवला. गरम! ना पंप, ना घरघर, पाणी आपलं आपण चाललं होतं. पहिलवान लहान मुलासारखा उड्या मारायला लागला आणि खालच्यांनी आरडाओरडा केला की छत पडेल.

रविवारी ताई सकाळी सकाळीच हजर. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत गॅलरीत उभी राहिली. आईंची बॅग दारात. आई न्हाणीघरात गेल्या. आम्ही सगळे बाहेर, बाबा सगळ्यात मागे, भिंतीकडे तोंड करून. नळ उघडल्याचा आवाज आला. बादली भरायला लागली. माझा तर जीव टांगणीला लागला.

दार उघडलं. वाफेचा लोट आधी बाहेर आला, मग आई.

"अहो," त्या म्हणाल्या, "या. आधी तुम्ही."

"मी कशाला? हे तुझ्यासाठी आहे. मला थंडच लागतं, सवय आहे."

"माहीत आहे सवय. पहाटे गॅस पेटवला तर मी जागी होईन म्हणून एवढी वर्षं थंड पाणी अंगावर घेत होतात. कामावर जाऊन लोकांचं पाणी तापवायला."

बाबा वळले. "तुला कसं माहीत? तू तर झोपलेली असायचीस."

"कसली झोपलेली! तुमच्या तांब्याचा आवाज ऐकत पडून असायचे. रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझी झोप मोडली म्हणून वाईट वाटलं असतं तुम्हाला. जा आता, निवतंय."

बाबा गेले. आतून पहिल्या तांब्याबरोबर "आई गं!" असा आवाज आला, तो कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत नक्की गेला असणार. ताई किल्ली फिरवायची थांबली होती. तिचे डोळे भरले होते, आणि माझे तर केव्हाच वाहायला लागले होते.

"अगं!" बाबा आतून ओरडले. "टॉवेल!"

त्यांनी टॉवेल नेलाच नव्हता. आंघोळ करायची असं ठरवून आत गेले होते कुठे? घरातले बाकी टॉवेल धुण्यात होते. आईंनी आपली बॅग उघडली, अगदी वरच ठेवलेला हिरव्या काठाचा टॉवेल काढला आणि दाराच्या फटीतून आत दिला.

बाबा बाहेर आले तेव्हा तोंड तांबडंलाल झालं होतं. आईंनी तो टॉवेल घेतला, पिळला आणि माझ्या हातात दिला.

"आई, आता बॅग...?" ताईनं हळूच विचारलं.

"ओला टॉवेल कुणी बॅगेत भरतं का?" आई म्हणाल्या. "वाळू दे आधी."

मी टॉवेल घेऊन गच्चीवर गेले. सवयीनं काचेवर हात ठेवला, तर काच बर्फासारखी गार. तिथं आता काहीएक वाळणार नव्हतं. मी वरूनच ओरडून सांगितलं, "आई, दोरीवर घालते, पण वेळ लागेल हं!"

"लागू दे," खालून आईंचा आवाज आला. "घाई कुणाला आहे?"